न उचललेलं पुस्तक

माझा नवरा एलम क्रायडर डॉक्टर होता आणि चांगला डॉक्टर होता. हे मी नाही म्हणत, स्टोनी रनच्या आसपासची प्रत्येक बाई म्हणते. त्यांची निम्मी पोरं त्यानेच जगात आणली. तो गेल्यावर जो तो मला येऊन सांगायचा, "केटुरा, देवाला आणि कुटुंबाला वाहिलेला माणूस होता गं." मी मान डोलवायचे. कुटुंबाला वाहिलेला म्हणजे नेमकं काय ते कुटुंबाला विचारायचं कुणाला सुचत नाही.

रोज सकाळी न्याहारीच्या आधी आमच्या घरी बायबलमधलं वचन वाचलं जायचं. ते सगळ्यांच्याच घरी वाचतात. पण बाकीच्यांकडे बाप एक अध्याय वाचतो, प्रार्थना म्हणतो आणि चमचे वाजायला लागतात. आमच्याकडे वाचून झालं की एलम पुस्तक मिटायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि म्हणायचा, "आता यात एक गंमत बघा." झालं! लापशी गार, अंडी गार, फाटकाशी शाळेची बस भोंगा वाजवतेय, आणि हा अब्राहामाच्या चाकराबरोबर विहिरीवर उंटांना पाणी पाजतोय.

"एलम, पोरांची बस!"

"आलंच, केटी. उंट किती पाणी पितो ठाऊक आहे का तुला?"

"मला बसचा ड्रायव्हर किती वेळ थांबतो ते ठाऊक आहे."

आमची थोरली, लोईस, डोळे मिटून प्रार्थना चालू असतानाच लापशी संपवायला शिकली. आवाजसुद्धा होत नसे. ही विद्या तिने धाकट्या भावंडांनाही दिली.

आणि खरं दुखणं असं की तो बोलायचा फार छान. कंटाळवाणा असता तर मी पहिल्याच वर्षी त्याचं तोंड बंद केलं असतं. पण पोळपाटावर कणीक तशीच टाकून मीही ऐकत उभी राहायचे, आणि मग माझाच राग मला यायचा. गाडीतही तो गप्प नसे. एकदा आयझॅक नोल्ट मला फाटकाशी गाठून हळूच म्हणाला, "केटुरा, डॉक्टर बरा आहे ना? काल आमच्या शेताच्या वाटेवर गाडी उभी करून काचा वर करून बसला होता. हातवारे करून बोलत होता. गाडीत दुसरं कोणी नव्हतं."

"बरा आहे," मी म्हणाले. "तुझ्या गायींना उपदेश करत असेल."

आयझॅक हसला. मी हसत नव्हते.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत उपदेशक व्हायला कोणी कुठे शिकायला जात नाही. पगार नाही, अर्ज नाही. जागा रिकामी झाली की मंडळीतले सगळे एकेक करून आतल्या खोलीत जातात आणि बिशपच्या कानात एक नाव सांगतात. ज्यांची नावं आली ते पुढच्या बाकावर बसतात. जितके पुरुष तितकी गीतांची पुस्तकं टेबलावर, प्रत्येकाला दोरी बांधलेली, आणि त्यातल्या एकात चिठ्ठी. वयाने मोठा तो आधी उचलतो. ज्याच्या पुस्तकात चिठ्ठी निघाली तो उपदेशक, तिथल्या तिथे आणि मरेपर्यंत. माणसं निवड करत नाहीत, देव करतो. आणि 'मला व्हायचंय' असं ज्याच्या तोंडून निघालं तो कायमचा बाद. तो गर्व झाला. गर्वापेक्षा आमच्याकडे दारूची नशासुद्धा परवडते, ती निदान उतरते.

एलम तीन वेळा त्या बाकावर बसला होता. तिन्ही वेळा पुस्तक कोरं निघालं. तिन्ही वेळा घरी आल्यावर तो म्हणाला, "देवाची इच्छा." तिसऱ्या वेळी मात्र तसं म्हणून तो कोट न काढताच परसात गेला आणि गाजरांची रोपं विरळ करत बसला. ती मी आदल्याच दिवशी विरळ केली होती. वाफ्यात काही उरलंच नाही. त्या वर्षी आम्ही गाजरं विकत आणली, आणि तेव्हा मला कळलं की याला ते किती हवंय.

मला मात्र नको होतं. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलं होतं, लपवाछपवी माझ्या स्वभावात नाही. "आठवडाभर तू लोकांचा. पोरांच्या वाढदिवसाला कुणाचं तरी अपेंडिक्स. रविवारी सभाघरात बाकावर बसून डुलक्या घेतोस तेवढाच तुझा आराम. तोही गेला की मग मी काय, तुझ्या दवाखान्याच्या बाकावर नंबर लावून बसू?"

"देव ठरवेल, केटी."

"देवाला मी माझं मत कळवलेलं आहे."

यावर तो हसायचा. त्याच्याशी भांडणं फार अवघड होतं. तुम्ही तावातावाने बोलत राहायचं आणि त्याने चष्मा पुसत 'हं, हं' करायचं. दार आपटावं तर तोच पुढे होऊन ते धरायचा, माझ्या बोटाला लागू नये म्हणून.

चौथ्या वेळी म्हातारे उपदेशक वारले तेव्हा मार्च होता आणि रस्त्यांवर घोट्याएवढा चिखल होता. पाच नावं आली. पुढच्या बाकावर पाच जण, वयानुसार. पहिला ॲबनर ग्रॉफ, पेंडीच्या गिरणीचा मालक. दिवसभरात दहा वाक्यं बोलला तर बायकोला वाटायचं याला ताप आलाय. एलम तिसरा. बायकांच्या बाजूला मी, आणि माझ्याशेजारी ॲबनरची बायको एडना, जी रात्रभर रडून आली होती. नवरा निवडला गेला तर काय होणार या विचारानेच रडली होती. समोर टेबलावर पाच काळी पुस्तकं.

बिशप सायमन ईबीने प्रार्थना संपवली, आणि बाजूचं दार उघडून आयझॅक नोल्ट आत आला, ज्याची बायको बार्बरा बाळंतपणाला टेकली होती. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावरची टोपी काढायचंही भान नाही. तो सरळ पुढच्या बाकाकडे गेला आणि एलमच्या कानात कुजबुजला. आता आयझॅकचं कुजबुजणं म्हणजे शेताच्या या टोकावरून त्या टोकाला हाक. सगळ्या सभेने ऐकलं, "डॉक्टर, बार्बराचा पाय आधी आलाय. म्हणजे बाळाचा."

एलम उठून उभा राहिला. पाय आधी आला म्हणजे काय ते त्याला माहीत होतं, मलाही होतं. आणि समोर टेबलावर पाच पुस्तकं होती. एक उचलायला किती वेळ लागतो? शिंक यायला लागतो त्याहून कमी.

तेवढ्यात एक नवल घडलं. ॲबनर बोलला. "एलम, तू आधी उचल. मी थांबतो."

बिशपनेही मान हलवली. "उचल, बंधू. हरकत नाही."

एलमचा हात वर आला. मी पाहिलं. शपथ घेऊन सांगितलं असतं, पण आमच्यात शपथ घेत नाहीत, म्हणून नुसतंच सांगते: त्याचा उजवा हात कमरेपर्यंत वर आला होता. मग त्याने बाकाकडे पाहिलं. त्याच्याहून मोठे दोघं अजून बसलेले होते. त्यांच्या आधी हात घालायचा म्हणजे हावरेपणा. ज्याला नकोय त्याने खुशाल उचललं असतं, समोरचं एखादं ओढून बगलेत मारून निघाला असता. पण याला हवं होतं ना! म्हणून याला उचलता येईना.

"माझी पाळी नाही अजून," एलम म्हणाला, आणि आयझॅकच्या मागोमाग निघून गेला.

मी बाकाची कड इतकी घट्ट धरली की एडनाने माझ्या हातावर हात ठेवला. तिला वाटलं मी बार्बराच्या काळजीत आहे. बार्बराची काळजी मला नव्हती, तिच्याकडे एलम चालला होता.

चौघांनी उचलली. एक पुस्तक टेबलावर राहिलं. बिशप एकेकासमोर जाऊन दोरी सोडू लागला, पानं चाळू लागला. ॲबनरचं कोरं. दुसऱ्याचं कोरं. मग चौथा, मग पाचवा. शेवटचंही कोरं निघालं आणि सगळ्यांच्या नजरा टेबलावर गेल्या. तिथे ते एकटं पडलं होतं आणि त्यात काय आहे ते शाळकरी पोरालाही कळत होतं.

बिशप आणि बाहेरगावाहून आलेले दोन बिशप आतल्या खोलीत गेले. आम्ही गीत म्हटलं. सगळी कडवी संपली, दुसरं म्हटलं. तेही संपलं. ते बाहेर आले तेव्हा बिशप सायमनचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"चिठ्ठी हातात पडते," तो म्हणाला. "हे पुस्तक कुणाच्या हाताने उचललेलं नाही. पुढच्या रविवारी आपण पुन्हा जमू." त्याने दोरी सोडली, आतली चिठ्ठी काढली, कुणाला न दाखवता कोटाच्या खिशात ठेवली, आणि सभा संपली.

एलम दुपारी घरी आला. बाह्या रक्ताने भरलेल्या. मागच्या पायरीवर बसून बूट काढता काढता म्हणाला, "दोघंही ठीक आहेत. मुलगा. मोठं डोकं."

मी सांगितलं. सगळं, एका दमात, आणि बिशपच्या खिशासकट. तो ऐकत राहिला. एक बूट पायातून काढून हातात धरला होता तो तसाच.

"कुठलं होतं?" त्याने विचारलं.

"काय कुठलं?"

"पुस्तक. कुठल्या बाजूचं?"

"भिंतीकडचं. शेवटचं."

त्याने बूट खाली ठेवला. "मी तेच उचलणार होतो," तो म्हणाला. मग तोच बूट पुन्हा पायात घालून त्याने नाडी बांधली, आणि काय करतोय ते लक्षात आल्यावर पुन्हा सोडली. आणि त्या दिवशी, खरं सांगते, माझं मत बदललं. असू दे घर वाऱ्यावर, मला आता तेच हवं होतं. त्याच्यापेक्षाही जास्त.

मंगळवारी बिशप सायमन आमच्याकडे आला. वाईट माणूस नव्हता तो, नाहीतर माझं काम सोपं झालं असतं. रविवारपासून जेवला नसावा असा दिसत होता. मी त्याच्यापुढे कॉफी ठेवली, सफरचंदाचा पाइ ठेवला, आणि स्वयंपाकघरात भांडी घासायच्या निमित्ताने थांबले. भांडी घासलेली होती.

"एलम, मला दोन रात्री झोप नाही," बिशप म्हणाला. "देवाने तुला बोलावलं की तुझ्या रिकाम्या जागेतून आम्हाला काही सांगितलं, ते मला कळत नाही. म्हणून तुलाच विचारतो. तुला हाक आल्यासारखी वाटते का?"

आता हे असतं विचारायचं. दर वेळी प्रत्येकाला विचारतात. आणि प्रत्येकाने द्यायचं उत्तरही ठरलेलं आहे. माणसाने म्हणायचं, 'मी योग्य नाही.' मग बिशपने म्हणायचं, 'मीही नव्हतो, बंधू,' आणि गाडी पुढे जाते. दारात पाहुण्याने 'नको, नको, आता बसत नाही' म्हणावं आणि बसावं, तेवढाच त्याचा अर्थ.

एलमने चष्मा काढला. पुसला. "मी योग्य नाही," तो म्हणाला.

मी बिशपच्या पुढच्या वाक्याची वाट पाहत उभी होते. ते आलंच नाही. बिशप कपातल्या कॉफीकडे बघत होता, आणि मग त्याने फार मोठा सुस्कारा सोडला, ओझं उतरल्यासारखा. "तू प्रामाणिकपणे सांगितलंस, मी तुझा आभारी आहे," तो म्हणाला.

माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं. "बिशप! अहो, तसं सगळेच म्हणतात! तुम्हीसुद्धा म्हणाला होतात!"

"केटी," एलम म्हणाला.

"तुमची चिठ्ठी निघाली तेव्हा मी तिथे होते! मी योग्य नाही म्हणत तुम्ही रडलात, आणि आज बिशप होऊन बसलाय!"

"भगिनी केटुरा," बिशप शांतपणे म्हणाला, "बंधूला स्वतःच्या तोंडाने बोलू द्या."

"तेवढंच तर त्याला येत नाही! बाकी सगळ्या विषयांवर बोलतो, गायींशीसुद्धा बोलतो!"

बिशपने एलमकडे पाहिलं. एक शब्द हवा होता. 'हो.' एवढासा. मी माझ्या नवऱ्याकडे पाहत होते आणि मनात म्हणत होते, म्हण, मेल्या, म्हण. त्याचे ओठ हललेसुद्धा. मग त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाला, "मंडळीला बरं वाटेल ते मला मान्य आहे."

बिशप गेला. पाइ तसाच राहिला. मी तो कोंबड्यांना घातला, ताटलीसकट फेकला म्हटलं तरी चालेल. "तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस?" मी एलमला विचारलं. त्यावर तो म्हणाला की बार्बराला बघून यायला हवं, टाके घातलेत. आणि गेला.

पुढच्या रविवारी चार पुस्तकं मांडली आणि चिठ्ठी ॲबनर ग्रॉफच्या पुस्तकात निघाली. तो इतका पांढरा पडला की एलमच उठून त्याची नाडी बघायला गेला. एडना माझ्या खांद्यावर हमसाहमशी रडत होती. मीही रडत होते. लोकांना वाटलं शेजारधर्म.

आमचे उपदेशक कागद बघून बोलत नाहीत. कागद म्हणजे माणसाची अक्कल, आणि देवाचा शब्द उभ्याउभ्या यायला हवा. तर ॲबनर उभा राहिला. पहिल्या रविवारी त्याने वचन वाचलं, मंडळीकडे पाहिलं, 'तर हे असं आहे' म्हणाला, आणि बसला. दुसऱ्या रविवारी तेही जमलं नाही. तिसऱ्या शनिवारी दुपारी तो आमच्या स्वयंपाकघराच्या दारात टोपी पिळत उभा होता.

"एलम, माझी पाठ दुखते," तो म्हणाला.

एलमने त्याला बसवलं, पाठ तपासली, आणि म्हणाला, "उद्या कुठला अध्याय आहे?"

तेव्हापासून दर शनिवारी ॲबनरची पाठ दुखायला लागली. दोघं टेबलाशी बसायचे. एलम बोलायचा, ॲबनर ते शब्द पेंडीच्या पोत्यांसारखे एकेक करून डोक्यात रचून ठेवायचा. रविवारी तो उभा राहायचा आणि एलमचं बोलणं म्हणून दाखवायचा, सगळं एकाच सुरात, भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत. विनोद आला की तोही खिळ्यालाच सांगायचा. आणि मी बायकांच्या बाजूला हात आवळून बसलेली, कारण मी ते शनिवारी ऐकलेलं असायचं, कसं म्हणायला हवं ते मला ठाऊक असायचं. एलम मात्र पुरुषांच्या बाजूला सरळ ताठ बसून ऐकायचा. डुलक्या बंद. त्याचे ओठ हलायचे.

"लोकांना सांग तरी की हे तुझं आहे," मी म्हणायचे.

"ॲबनरची शोभा होईल, केटी."

"आणि तुझं काय?"

"माझं चाललंय की," तो म्हणायचा. खरंच चाललं होतं त्याचं. चरफडायचं काम सगळं माझ्याकडे आलं होतं. आणि मी तोंडातून शब्द काढायचा नाही असं त्याने माझ्याकडून वदवून घेतलं, हे सगळ्यात जड गेलं. मला गप्प बसवणं म्हणजे काय ते आमच्या घरात कोणालाही विचारा.

एका सकाळी न्याहारीला शोमरोनी बाईची गोष्ट आली. ती विहिरीवर पाण्याला येते, प्रभूशी बोलते, आणि घागर तिथेच टाकून गावात पळत सुटते सगळ्यांना सांगायला. एलमने पुस्तक मिटलं, चष्मा वर केला. बस भोंगा वाजवत होती, दवाखान्याच्या दाराशी तिघंजण खोकत होते, आणि मला राहवलं नाही.

"आणि घागर?" मी म्हणाले. "ती कोणी घरी नेली? बाई गेली पळत, तिचं कल्याण झालं. घरी पाणी कोण देणार होतं? असेल कुणीतरी जाऊबाई. तिने भरली असेल, डोक्यावर घेतली असेल आणि बडबडत घरी नेली असेल. तिचं नाव आहे का तुझ्या पुस्तकात?"

पोरं फिदीफिदी हसली. एलम हसला नाही. तो माझ्याकडे बघत राहिला, लापशीचा चमचा खाली ठेवून. त्या शनिवारी त्याने ॲबनरला तेच दिलं, पण काय करून दिलं! माझी कुरकुर त्याने अशी काही उचलली की दाराआड उभी राहून मीच डोळे पुसले. जिला प्रभू भेटला तिची गोष्ट सगळे सांगतात, तो म्हणाला, पण त्या संध्याकाळी त्या घरात चूल पेटली ती दुसरीमुळे, आणि देवाने दोघींना पाहिलं होतं. रविवारी ॲबनरने ते खिळ्याला सांगितलं. शेवटी म्हणाला, "आणि तिने ती घागर आनंदाने घरी नेली."

आनंदाने! घरी येताना मी गाडीत एक शब्द बोलले नाही, मग सगळे बोलले. "बडबडत म्हण म्हणून सांग त्याला. सगळा जीव त्या शब्दात आहे."

"त्याला वाटतं सभाघरात बडबड बरी दिसत नाही," एलम म्हणाला, आणि हसू दाबायला खिडकीबाहेर पाहू लागला. पुढे लोकांनीच तो घागरीचा उपदेश मागून घेतला, वर्षाआड तरी व्हायचाच, आणि दर वेळी 'आनंदाने'.

अशी वर्षं गेली. पोरं आपापल्या घरी गेली. पाय आधी आलेला तो नोल्टांचा मुलगा मोठा होऊन फ्लोरिडात जुन्या गाड्या विकतो, आईला पत्रही टाकत नाही. बिशप सायमन गेला. ती चिठ्ठी त्याच्याबरोबर गेली असेल. एलमला पुन्हा कुणी त्या बाकावर बसवलं नाही, कारण तो स्वतःच योग्य नाही म्हणाला होता ना!

गेल्या ऑक्टोबरात आयझॅक नोल्ट आमच्या दारात आला. म्हातारा झालाय, काठी घेऊन. म्हणाला, डॉक्टरची गाडी बराच वेळ त्यांच्या वाटेवर उभी आहे, काचा वर आहेत. त्याने नेहमीसारखंच आहे म्हणून आधी लक्ष दिलं नाही. मी गेले. एलम स्टिअरिंगमागे बसला होता, चष्मा कपाळावर चढवलेला. कुंपणाशी गायी उभ्या होत्या. मी दार उघडून त्याच्या शेजारी बसले आणि त्याला खूप बोलले. निम्मं बोलणं अर्धवट टाकून गेलास, कुठवर आला होतास तेही आता कोणाला कळणार नाही, असं काहीतरी. मग त्याचा चष्मा काढून माझ्या खिशात ठेवला.

अंत्यविधीला सभाघर भरून गेलं. मागच्या खोलीत मनुक्यांचे पाइ रांगेने मांडलेले, ते आमच्याकडे मयतालाच करतात. उपदेश ॲबनरचा. तोही आता ऐंशीकडे आलेला. तो उभा राहिला, वचन वाचलं, पुस्तक मिटलं आणि खिळ्याकडे पाहिलं.

काही आलं नाही. येणार कुठून? शनिवारी पाठ दाखवायला तो कोणाकडे जाणार होता? सभा थांबली. समोर पेटी होती, तीत एलम होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला ॲबनरला काही सांगता येत नव्हतं. आमच्या सभाघरात बायका गीताखेरीज तोंड उघडत नाहीत. मी तर एलमला शब्दही दिला होता. पण ज्याला दिला होता तोच गेला होता, मग मी गप्प कुणासाठी बसू?

मी उभी राहिले. "ॲबनर," मी म्हणाले, "घागरीचं सांग."

माना वळल्या. लोईसने मागून माझा झगा ओढला. ॲबनरने खिळ्यावरून नजर काढली आणि पहिल्यांदा माणसांकडे पाहिलं.

"घागरीचं सांगतो," तो म्हणाला. "ते माझं नाही. कोणाचं ते तुम्हाला ठाऊकच आहे."

आणि पुरुषांच्या बाजूला एकेक पांढरं डोकं हललं. बायकांच्या बाजूलाही. आयझॅकने तर 'हो, हो' म्हटलं. सगळ्यांना ठाऊक होतं! इतकी वर्षं सगळ्यांना ठाऊक होतं, आणि एकाने, एका माणसाने, त्याच्या जिवंतपणी त्याला तसं सांगितलं नव्हतं. त्याला गर्व होईल म्हणून! ही आमची माणसं. मला एकेकाला धरून हलवावंसं वाटलं.

ॲबनर सांगत गेला. विहीर, दुपार, पळत सुटलेली बाई. मी उभीच होते, बसायचं सुचलं नाही. "मग कुणीतरी दुसरी आली," ॲबनर म्हणाला. "तिने ती घागर भरली, डोक्यावर घेतली आणि घरी नेली. आनंदाने…"

तो थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"बडबडत," मी म्हणाले.

"बडबडत," ॲबनर म्हणाला. "बडबडत घरी नेली." आणि पुढचं सगळं त्याला न अडखळता आठवलं.